शीव

माझं काम सांगायचं तर कल्हईपासून सुरुवात करावी लागेल.
तांब्याच्या पातेल्याला आतून कथील लावतात, हे सगळ्यांना ठाऊक.
मी उलटं करते:
नखाएवढ्या पांढऱ्या फरशीवर कथलाच्या ऑक्साइडचा थर,
त्यावर तांब्याच्या ऑक्साइडचे ठिपके,
पापडात मिरी दिसावी इतके विरळ.
खाली तापक. एकशे ऐंशी अंश.
माटुंग्याच्या तिसऱ्या मजल्यावर, पंखा बंद ठेवून,
कारण पंख्याचा वाराही आकड्यात उतरतो.

कथलाकडे इलेक्ट्रॉन जास्त.
तांब्याकडे रिकाम्या जागा, आम्ही त्यांना होल म्हणतो,
आणि त्या चालतातही:
दवाखान्याच्या बाकावर एकेक जण पुढे सरकला
की रिकामी जागा मागे मागे जाते, तशा.
जिथे दोघं टेकतात
तिथे थोडे इकडचे, थोडे तिकडचे
एकमेकांत विझतात
आणि उरतो ओसाड पट्टा.
कुणी राहत नाही तिथे. प्रवाह अडतो.
वहीत मी डिप्लेशन लिहिते,
मनात शीव म्हणते.
शीव म्हणजे हद्द.
बेट जिथे संपायचं त्या जागेलाही
लोक हेच म्हणत आले.

बुधवारी रात्री त्याच शीवच्या सर्कलपलीकडे
पहारीनं मॅनहोलचं झाकण उचललं.
सडक्या अंड्यांचा भपका आला.
वेलजीभाई सोलंकी उकिडवे बसले, बॅटरी मारली.
"झुरळं बघायची, ताई. पळताना दिसली की हवा आहे."
झुरळं होती. वरच्या दोन कड्यांपर्यंत.
मी डबा दोरीला बांधून सोडला.
सहा फूट. अठ्ठावीस मेगाओम.
दहा फूट. अठ्ठावीसच.
बारा फुटांवर आकडा कोसळला:
नऊ किलो.

हायड्रोजन सल्फाइड आला
की तांब्याच्या ऑक्साइडचं सल्फाइड होतं,
ते धातूसारखं वागू लागतं,
हद्दीवरची भिंत पडते
आणि अडलेले सगळे एकदम वाहू लागतात.
प्रयोगशाळेत मी हे चोवीस वेळा पाहिलंय.
तिथे मला आनंद होतो.

वेलजीभाई वाकून नाक लावून बसलेले.
"आता वास तर नाय येत."
मी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं.
ते हसले नाहीत.
"हिरजी पण हेच बोललेला," ते म्हणाले.
"माझा लहान भाऊ. कुर्ल्याला.
वास गेला रे, उतरतो."

वायू वाढला की नाकच आधी मरतं.
माझ्या प्रबंधात हे पान तीनवर आहे,
एका ओळीत,
संदर्भ क्रमांक सात.

डबा वर काढला. उघड्या हवेत
सल्फाइडचं पुन्हा ऑक्साइड होतं,
भिंत परत उभी राहते, सावकाश.
आम्ही दुभाजकावर बसून राहिलो.
त्यांनी तंबाखू मळली, मला विचारलं लग्न झालंय का,
मी नाही म्हटलं,
मग पनवेलकडचे ट्रक मोजत बसलो दोघं.
अकरा मिनिटांनी आकडा सत्तावीसवर येऊन थांबला.
"मघाशी अठ्ठावीस होता," ते म्हणाले.
होता.
"पयल्यासारखा नाय होत?"
"पूर्ण नाही होत. दर वेळी थोडं मागे राहतं."
त्यांनी चिमूट ओठात सारली.

ठेकेदाराचा पोरगा मोटारसायकलवरून उतरला,
कागदावर कुणीच उतरत नाही असा तो ठेका,
डब्याकडे कौतुकानं बघत म्हणाला,
"भारी आहे, मॅडम. मग किती वाजता उतरवू यांना?"

माझ्याकडे आलेख होता, आकडा होता,
प्रतिसादाचा वेळ सेकंदांत होता.
मी उठले आणि झाकण ओढायला लागले.
लोखंड एकटीला हलेना.
हाताला गंज लागला, नख तुटलं,
पोरगा "अहो मॅडम, अहो" करत राहिला.

मग पलीकडून पहार आत सरकली.
"पाय मागे घ्या, ताई," वेलजीभाई म्हणाले,
आणि त्यांनी जोर लावला.